डाव्या मनगटाचं गणित पकडीपासून सुरू होतं

गोल्फपटू डस्टिन जॉन्सनचे स्लो मोशन व्हिडिओ बघून बघून मी एक अख्खा हिवाळा टॉपला, म्हणजे क्लब मागे वर नेऊन थांबतो त्या जागी, डावं मनगट बो करत होतो, म्हणजे तळहाताच्या बाजूला मोडत होतो. फरक एवढाच पडला, की आधी उजवीकडच्या झाडीत जाणारा चेंडू आता डावीकडच्या झाडीत जायला लागला, आणि तोही जास्त वेगाने. रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) एका जुन्या कॅडीने माझी चेंडूंची अर्धी बादली संपेपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "साहेब, मनगट नंतर. आधी ग्रिप दाखवा." पुढचं सगळं त्या एका वाक्यातून आलेलं आहे.

लेख उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिला आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

मनगटाच्या तीन हालचाली

रिकाम्या हाताने करून बघा. हातोडीने खिळा ठोकताना मनगट अंगठ्याच्या दिशेने वर जातं आणि करंगळीच्या दिशेने खाली येतं. ही पहिली हालचाल, गोल्फमधलं कॉक किंवा हिंज. वरच्या बाजूला साधारण २० अंश आणि खालच्या बाजूला ३० अंश एवढीच तिची मजल. ट्रॅफिक पोलीस 'थांबा' म्हणून पंजा उभा करतो तेव्हा हाताची पाठ मागे मोडते आणि मनगटाच्या मागच्या बाजूला खळगा पडतो. हा कप. त्याच्या उलट, पंजा तळहाताच्या बाजूला मोडला की मनगट पुढे फुगतं. हा बो. आणि हाताची पाठ मनगटाबरोबर सरळ एका रेषेत असेल, तर फ्लॅट. तिसरी हालचाल कुलपात किल्ली फिरवण्याची. ती खरं तर मनगटाची नाही, कोपरापासून पुढचा सगळा हात फिरतो. पण गोल्फमध्ये लोक तिलाही मनगटाच्या खात्यात टाकतात आणि तिथूनच निम्मा गोंधळ सुरू होतो.

एकच मोड, दोन वेगळे परिणाम

हा भाग सावकाश वाचा. हा कळला की इंटरनेटवरचे एकमेकांच्या विरुद्ध वाटणारे सल्ले आपोआप जागेवर बसतात.

सात नंबरचं आयर्न हातात घ्या. डावं मनगट पूर्ण कॉक करा, म्हणजे शाफ्ट (क्लबची दांडी) आणि हात यांच्यात जवळपास काटकोन होईल. आता मनगट कप करा, मग बो करा. क्लब फारसा जागचा हलत नाही, पण फेस, म्हणजे चेंडूला लागणारा क्लबचा सपाट भाग, दाराच्या फळीसारखा उघडतो आणि मिटतो. कारण या स्थितीत शाफ्ट नेमका मनगटाच्या बिजागरीच्या रेषेत असतो. मनगट मोडलं की शाफ्ट स्वतःभोवतीच फिरतो.

आता कॉक सोडून द्या, शाफ्ट हाताच्या रेषेत खाली लोंबू द्या आणि पुन्हा तसंच कप-बो करा. या वेळी फेस फारसा उघडत-मिटत नाही. क्लबहेड पुढे-मागे जातं. बो केलं की हात पुढे आणि क्लबहेड मागे राहतं, कप केलं की क्लबहेड हातांच्या पुढे निघून जातं.

म्हणजे टॉपला मनगटाचा मोड चेंडूची दिशा ठरवतो, आणि इम्पॅक्टला (क्लब चेंडूला लागतो त्या क्षणी) तोच मोड लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) आणि संपर्क ठरवतो. "बो केल्याने फेस बंद होतो" आणि "बो केल्याने शाफ्ट पुढे झुकतो" ही दोन्ही वाक्यं खरी आहेत, फक्त स्विंगच्या वेगवेगळ्या क्षणांची आहेत. आणि दिशेचं म्हणाल, तर चेंडू कुठल्या रेषेवर सुटणार हे आयर्नमध्ये सुमारे ७५ टक्के आणि ड्रायव्हरमध्ये (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबमध्ये) सुमारे ८५ टक्के फेसच ठरवतो. स्विंगच्या मार्गाचा वाटा त्यामानाने किरकोळ.

पायरी पहिली: पकड

डावा हात बाजूला सैल सोडा. तो जसा लोंबतो तसाच उचलून ग्रिपवर, म्हणजे क्लबच्या मुठीवर, ठेवा. क्लब तळव्यातून आडवा न जाता बोटांच्या मुळाशी बसायला हवा: तर्जनीच्या मधल्या पेराजवळून निघून करंगळीखालच्या मांसल गादीच्या खाली. खात्री करायची तर बाकीची बोटं सोडून द्या. तर्जनीचा आकडा आणि ती गादी एवढ्यावरच क्लब उचलता आला तर पकड बरोबर. उचलता येत नसेल, तर क्लब तळव्यात आहे. तळव्यात धरलेल्या क्लबने मनगट हिंज होतच नाही, मग माणूस ती कसर कोपर वाकवून भरून काढतो.

आता वरून खाली बघा. डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाची एकच गाठ दिसत असेल तर पकड वीक, दोन-अडीच दिसत असतील तर न्यूट्रल, तीन-चार दिसत असतील तर स्ट्राँग. या शब्दांचा हाताच्या ताकदीशी संबंध नाही, हात ग्रिपवर किती उजवीकडे फिरला आहे एवढंच ते सांगतात.

फेस सरळ (स्क्वेअर) ठेवून वीक पकड घेतली की सेट-अपमध्येच (चेंडूसमोर उभं राहतानाच) मनगट जवळपास फ्लॅट असतं. न्यूट्रलमध्ये थोडासा कप असतो. स्ट्राँगमध्ये कप उघड दिसतो. तीन माणसं, तीन वेगळे कोन, आणि तिघांचाही फेस सरळ. मग टॉपला तिघांनी एकच कोन गाठावा हा आग्रह कशासाठी?

फ्रेड कपल्सची पकड स्ट्राँग आणि टॉपला मनगट कप. त्याने १९९२ मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली. जॉन राहमची पकड वीक, बॅकस्विंग (क्लब मागे वर नेणं) आखूड आणि मनगट ठळकपणे बो. त्याने २०२३ मध्ये तीच स्पर्धा जिंकली. दोघांचं गणित आपापल्या जागी जमतं. अपवाद जॉन्सन. पकड स्ट्राँग, वर मनगटही बो, म्हणजे टॉपला फेस आकाशाकडे. हा फेस तो शरीराच्या जबरदस्त रोटेशनने ओढत नेतो, आणि त्यावर २०२० ची मास्टर्स २६८ च्या विक्रमी स्कोअरवर जिंकतो. तुमच्या-माझ्या कमरेत ते रोटेशन नाही. माझा हिवाळा वाया गेला तो नेमका इथे.

पायरी दुसरी: फूटपट्टी

महागडे सेन्सर मिळतात, पण शाळेची प्लॅस्टिकची पट्टी पुरते. डाव्या हातमोज्याचा पट्टा सैल करून पट्टी हाताच्या पाठीवर आत सरकवा. निम्मी मोज्यात, निम्मी मनगट ओलांडून कोपराच्या दिशेने बाहेर. पट्टा पुन्हा आवळा. कप वाढला की बाहेरचं टोक हातात रुतेल. बो केलं की ते हातापासून उचललं जाईल. हलकं टेकलेलं असेल तर फ्लॅट. कॉक केल्यावर पट्टी बाजूला सरकते, तिकडे लक्ष देऊ नका.

सेट-अप घेऊन पट्टी किती रुतते ते आधी अनुभवा. न्यूट्रल पकडीत थोडी रुतणारच, ती तुमची सुरुवातीची खूण. मग आरशासमोर अगदी सावकाश वर जा. पट्टी घालून पूर्ण वेगात चेंडू मारायचे नाहीत, हे वेगळं सांगायची गरज नसावी, पण मी मारले होते आणि वळ चार दिवस टिकला.

पायरी तिसरी: टेकअवे (क्लब मागे न्यायची सुरुवात) ते डावा हात आडवा

शाफ्ट जमिनीला समांतर येईल तिथे थांबा. फेसची खालची कड तुमच्या पाठीच्या कण्याच्या झुकावाइतकी झुकलेली, म्हणजे टो (क्लबहेडचं टोक) किंचित पुढे कललेला दिसायला हवा. फेस आभाळाकडे बघत असेल तर हात किल्लीसारखा उजवीकडे फिरला आहे आणि बहुधा पट्टीही रुतते आहे. स्लाइसची (चेंडू उजवीकडे वळत जाण्याची) सुरुवात टॉपला होते असं वाटतं, पण बहुतेकांची इथेच, पहिल्या हातभर अंतरात झालेली असते.

इथून डावा हात जमिनीला समांतर येईपर्यंत कॉक पूर्ण करा. हात आणि शाफ्ट मिळून इंग्रजी 'एल' दिसतो. अंगठा वर, खिळा ठोकायच्या तयारीत. कॉक करताना कप आपोआप वाढतो, ही शरीराची सवय आहे. ती इथे पट्टीने पकडायची.

पायरी चौथी: टॉप

फोन मागून, हातांच्या उंचीवर ठेवा आणि टार्गेट लाइनच्या दिशेने रोखा. टॉपला फेसची खालची कड डाव्या हाताशी समांतर असेल तर फेस स्क्वेअर. टो सरळ जमिनीकडे लोंबत असेल तर ओपन. फेस आकाशाकडे बघत असेल तर क्लोज्ड. आधी फेस बघा, मनगट नंतर. फेस स्क्वेअर असेल आणि मनगटाला थोडा कप असेल, तर तुमची पकड स्ट्राँग आहे आणि सगळं ठीक चाललं आहे. काहीही बदलू नका.

अमेरिकन गोल्फपटू बेन होगनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. सुरुवातीची कितीतरी वर्षं तो हुकने (चेंडू डावीकडे वळत जाण्याने) हैराण होता. १९५५ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने त्याचं 'गुपित' छापलं: बॅकस्विंगमध्ये हात फिरवायचा आणि टॉपला डाव्या मनगटाला किंचित कप द्यायचा. फेस इतका उघडला की मग खाली येताना कितीही जोर लावला तरी हुक होत नव्हता. हुकने आजारी पडलेल्या माणसाने स्वतःसाठी शोधलेलं औषध होतं ते. वाचणारे बहुतेक जण स्लाइसने आजारी. त्यांनी तेच औषध घेतलं, तर काय होणार ते उघड आहे. आज आपण बोच्या बाबतीत उलट्या बाजूने हेच करतो आहोत.

फेस ओपन असेल तर मात्र दोन उपाय. पकड एका गाठीने स्ट्राँग करा, किंवा मनगट फ्लॅटकडे न्या. दोन्ही एकदम नको. माझं मत विचाराल तर पकड आधी बदला. पकड चेंडू मारण्याआधी, उभ्या-उभ्या तपासता येते. मनगट पाव सेकंदाच्या डाउनस्विंगमध्ये कुणाला तपासता येतं?

पायरी पाचवी: खाली येतानाची वळवण

चांगल्या खेळाडूंचं मनगट टॉपला जसं असतं तसं गोठलेलं राहत नाही. खाली येताना ते बोच्या दिशेने सरकतं, आणि डावा हात पुन्हा जमिनीला समांतर येईपर्यंत फेसचं काम बरंचसं उरकलेलं असतं. त्यानंतर कॉक सुटत जातो. आपण नेमकं उलट करतो: कॉक वरच सोडून देतो आणि फेस सरळ करायचं काम शेवटच्या क्षणावर ढकलतो, दहावीचा अभ्यास मार्चवर ढकलावा तसं.

परदेशी शिक्षक या हालचालीला मोटरसायकलच्या मुठीची उपमा देतात. आपल्याकडे स्कूटर रोज चालवणाऱ्याला ती उलटी कळते. रेस देताना मनगट खाली बसतं आणि हाताची पाठ मागे मोडते, म्हणजे तो कप. आपल्याला हवी आहे ती रेस बंद करतानाची हालचाल, गाठी पुढे आणि खाली. उजव्या हाताने रेस कमी करतो ते डाव्याने करायचं.

सराव असा. टॉपला जा. थांबा. डाव्या मुठीची रेस बंद करत हात जमिनीला समांतर होईपर्यंत खाली या, कॉक तसाच ठेवून. पुन्हा थांबा. पट्टीचं टोक टेकलेलं किंवा थोडं उचललेलं आहे का बघा. दहा वेळा चेंडूशिवाय. मग थांबे काढून टाका आणि अर्ध्या वेगाने नऊ नंबरच्या आयर्नने चेंडू मारा. पहिले काही चेंडू डावीकडे, खाली जातील. जाऊ द्या, ते बरोबर चाललं आहे. फेस बंद झाल्याचं शरीराला कळलं की ते आपणहून जास्त वळायला लागतं.

पायरी सहावी: इम्पॅक्ट

चेंडू आणि फेस एकत्र असतात तो काळ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागाइतका. त्यात मनगटाने काही 'करायचं' नसतं, आधीच्या पायऱ्यांचा निकाल तेवढा लागतो. आयर्नमध्ये मनगट फ्लॅट किंवा जरासं बो, हात चेंडूच्या थोडे पुढे, छाती टार्गेटकडे उघडायला लागलेली. ड्रायव्हरमध्ये चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर) असतो आणि पुढच्या पायाजवळ ठेवलेला असतो, म्हणून तिथे शाफ्ट जवळपास उभा चालतो.

आपल्याकडे बहुतेक जण क्रिकेटमधून इकडे आलेले, आणि ते भांडवल वाया घालवू नये. उजव्या बॅट्समनचाही डावा हातच वर असतो. स्ट्रेट ड्राइव्ह जमिनीलगत ठेवायचा तर वरचा हात पुढे आणि ब्लेड मागे, हे लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं आहे. आयर्नचा इम्पॅक्ट हुबेहूब तोच. फरक एवढाच की इथे सात नंबरच्या फेसला तीस-बत्तीस अंशांचा लॉफ्ट आहे, चेंडू वर उचलायची जबाबदारी त्याची. घात होतो तो लेगच्या फ्लिकमुळे. खालच्या हाताने मनगट मोडून चेंडू उचलायची ती सवय इथे आली की क्लबहेड हातांच्या पुढे जातं, डावं मनगट कप होतं, आणि मग कधी फॅट (क्लब आधी जमिनीला लागतो), कधी थिन (चेंडूच्या वरच्या भागाला लागतो). याला फ्लिप म्हणतात.

फ्लिप मात्र रोग कमी आणि लक्षण जास्त. फेस ओपन असल्याचं मेंदूला कळलेलं असतं, म्हणून तो शेवटच्या क्षणी हात उलटून चेंडू वाचवतो. तशा माणसाला "हात पुढे ठेव" असं सांगितलं आणि त्याने ते पाळलं, तर ओपन फेस तसाच चेंडूवर येतो आणि चेंडू थेट उजवीकडच्या फेअरवेवर. म्हणून चौथी आणि पाचवी पायरी उरकल्याशिवाय फ्लिपला हात लावू नका. लॅगचे (क्लबहेड हातांच्या मागे ठेवण्याचे) व्हिडिओ तोवर बंद.

फेस ताब्यात आल्यावर दोन सराव. एक, ग्रिपच्या जोडीला अलाइनमेंट स्टिक (दिशा तपासायची सरळ काठी) धरा, ती हातांच्या वर दोन-अडीच फूट डाव्या कुशीबाहेर निघालेली. सावकाश छोट्या चिपमध्ये (जवळच्या फटक्यात) काठी बरगड्यांना लागली, की फ्लिप झाला. शरीर वळत राहिलं तर ती लागत नाही. दोन, पोत्यात जुन्या चादरी ठासून भरा आणि कमरेच्या उंचीवरून त्यावर हळू आपटून तिथेच थांबा. खाली बघा: मनगटाची पाठ सरळ आहे का, हात क्लबहेडच्या पुढे आहेत का. पावसाळ्यात घरात करण्यासारखा हा उत्तम व्यायाम आहे, खालच्या मजल्यावरच्यांची हरकत नसेल तर.

बादली कशी वाटायची

साठ चेंडूंच्या बादलीतले पहिले दहा फक्त डाव्या हाताने, वेजने (सर्वांत जास्त लॉफ्टच्या क्लबने), दहा-पंधरा मीटरचे चिप. मग वीस चेंडू पाचव्या पायरीचे, नऊ नंबरने, अर्ध्या वेगात. वीस चेंडू तीन-चतुर्थांश स्विंगचे, आणि प्रत्येक पाचवा चेंडू फोनवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये. उरलेले दहा काहीही विचार न करता. ड्रायव्हर पहिले दोन आठवडे गाडीच्या डिकीत.

चेंडू काय सांगतो ते ऐका. उजवीकडे सुटून आणखी उजवीकडे वळला, तर फेस अजून ओपन आहे, चौथ्या पायरीवर परत. खाली आणि वेगाने डावीकडे गेला, तर बो पकडीपेक्षा जास्त झाला. तो कमी करा किंवा एक गाठ वीक व्हा. सरळ सुटला पण उंच आणि आखूड पडला, तर दिशा जमली आहे, इम्पॅक्टला कप राहिला आहे. फॅट बसत असेल तर मनगटाआधी वजन बघा, ते उजव्या पायावरच बसलेलं असतं.

बंकरमध्ये यातलं काही नेऊ नका. तिथे फेस उघडा हवा आणि क्लबचा बाउन्स (तळाचा फुगीर भाग) वाळूत सरकायला हवा. डावं मनगट थोडं कप राहिलं तर तिथे फायदाच आहे. ग्रीनजवळच्या उंच, मऊ शॉटचंही तेच.

दुखायला लागलं तर

गोल्फमध्ये डावं मनगट जास्त दुखावतं. कारण जमिनीचा धक्का आधी तिथे पोचतो. करंगळीखालच्या गादीत दाबल्यावर कळ येत असेल, विशेषतः एखादा चेंडू जोरात फॅट बसल्यानंतर, तर तिथल्या हॅमेट नावाच्या छोट्या हाडाचा आकडा मोडलेला असू शकतो. ग्रिपचं टोक नेमकं तिथेच टेकतं. साध्या एक्स-रेमध्ये हे फ्रॅक्चर अनेकदा सुटतं, म्हणून डॉक्टरांना गोल्फ खेळता हे आवर्जून सांगा. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दुखणं राहिलं तर ते स्नायुबंधांचं असू शकतं, आणि तेव्हा बादली नाही, विश्रांती.

एप्रिल-मेमध्ये दख्खनच्या कडक जमिनीवर, किंवा काँक्रीटवर अंथरलेल्या पातळ मॅटवर, शंभर-शंभर चेंडू खाली दाबून मारू नका. मॅट असेल तर चेंडू छोट्या रबरी टीवर ठेवा. मोजे दोन ठेवा, मुंबईच्या दमट हवेत एक नेहमी वाळत असतो. ओला मोजा घसरतो म्हणून आपण मूठ आवळतो, आणि मूठ आवळली की मनगट लाकूड होतं.